शेतराखणीसाठी रायफल घ्यावी की बारा बोअर?

भुईमूग, मका आणि ऊस या पिकांत रानडुकरांचा उपद्रव वाढला, तसा एक प्रश्न शेतकरी बंधू वारंवार विचारतात : "साहेब, परवडेल अशी एखादी जोरदार रायफल सांगा, आणि तिच्यावर बसेल अशी दुर्बीणही." प्रश्न रास्त आहे. रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरलेला पाहिला की कोणाच्याही मनात बंदूक येणारच. तरी पैसे मोजण्यापूर्वी पुढील गोष्टींचा घरात बसून विचार व्हावा.

प्रथम कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटल्यास २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, असा तो क्रम आहे. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, म्हणून ती या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. कोकणातील जुन्या घरांतून ठासणीच्या बंदुका दिसतात, त्याचे कारण हेच. शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यास नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही.

दुसरे, परवाना बंदुकीचा असतो, डुक्कर मारण्याचा नव्हे. हा घोटाळा अनेकांच्या डोक्यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारायचे असेल तर वनखात्याच्या अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हाती हवा. मारलेले जनावर सरकारजमा होते. त्याची वाटणी करणे हा वेगळा गुन्हा. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज बंदुकीची वाट न पाहता ताबडतोब करावा.

आता हत्याराकडे वळू. आपल्याकडे मोठ्या रायफलींत इशापूरच्या कारखान्याची .३१५ प्रसिद्ध आहे. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास. बारा बोअरचे छर्रे साधारण ४०० मीटर वेगाने निघतात. वेग दुप्पट झाला की त्याच वजनाच्या गोळीचा जोर चौपट होतो, हे शाळेतले गणित. पण हा जोर डुकरापाशी संपत नाही. नेम चुकला तर रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. कमी ताकदीची म्हणून अनेकांना निरुपद्रवी वाटणारी .२२ सुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाते. छर्ऱ्यांचा मारा काही शे मीटरांत विरून जातो.

आपल्या शिवारात दीड किलोमीटर म्हणजे काय? दोन वस्त्या, एक रस्ता आणि दहा-बारा जणांची राने. रात्रपाळीच्या विजेवर कोणी ना कोणी उसाला पाणी देत उभा असतो. त्याच्या हातातली बॅटरी विझलेली असली तर तो तुम्हाला दिसणारही नाही. डुकरे येतात तीही त्याच वेळी. सपाट रानात उभे राहून वेगवान रायफल चालवणे मला तरी कोणत्याही किमतीला मान्य नाही. .२२ चा आणखी एक दोष म्हणजे ती डुकराला मारण्याऐवजी जखमी करते. जखमी डुक्कर उसात दबा धरून बसते आणि सकाळी पाला काढायला गेलेल्या बाईमाणसांवर येते.

म्हणून शेतराखणीला एकनळी बारा बोअर पुरेशी आहे, आणि ती दुनळीपेक्षा स्वस्तही पडते. एलजी किंवा एसजी या मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे घ्यावीत. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची काडतुसे जुन्या परवानेधारकांच्या परिचयाची आहेत. मारा ३० मीटरच्या आतच करावा, त्यापुढे छर्रे पांगतात. आठ-दहा फूट उंच भक्कम माळा बांधून खाली नेम धरला, तर चुकलेले छर्रे मातीत जातात. माळ्यावर चढताना आणि उतरताना बंदूक रिकामी असावी.

जुनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना नळी उजेडाकडे धरून आत पोचा किंवा गंज आहे का पाहावे. बंद केल्यावर जोडात खुळखुळ वाटली तर ती घेऊ नये. काडतुसाचे घर किती लांबीचे आहे हे अवश्य विचारावे. कित्येक जुन्या बंदुकींचे घर ६५ मिलिमीटरचे असते. ७० चे काडतूस त्यात बसते, बंदूक बंदही होते. पण बार उडताना काडतुसाचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि नळीतील दाब वाढतो.

दुर्बिणीचे म्हणाल तर ३० मीटरच्या माऱ्याला ती लागतच नाही. ज्यांच्याकडे रीतसर परवान्याची रायफल आधीच आहे, त्यांनी मात्र मोठ्या आकड्यांना भुलू नये. पुढच्या भिंगाचे मिलिमीटर दुर्बिणीच्या पटीने भागावेत. चार पट आणि ३२ मिलिमीटर म्हणजे ८. दहा पट आणि ३२ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ३. हा आकडा म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, म्हणून कमी उजेडात चार पटीची साधी दुर्बीण महागड्या दहा पटीपेक्षा चांगले दाखवते. पलीकडे काय हलते आहे हे पाहण्यासाठी रायफलीवरची दुर्बीण कधीही वापरू नये. ते काम बॅटरीचे.

परवाना पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बंदूक शेजाऱ्याला एका रात्रीपुरतीसुद्धा उसनी देता येत नाही. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. जमा केल्याची पावती जपून ठेवावी. काडतुसे बंदुकीपासून वेगळी, कुलपात आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी असावीत. पावसाळ्यात नळीला आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवावा.