मुंबई ते न्यूअर्क: अंतर एकच, मग तास वेगळे का?

मुलुंडमधून बोलतोय. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत आहे. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून काका-काकू मलाच विचारतात, "किती तासांचा प्रवास रे?" इंटरनेटवर एक आकडा, तिकिटावर दुसरा, घड्याळात तिसरा! आईबाबा पहिल्यांदाच एकटे निघालेत आणि एकाला डायबेटिस आहे, तर हा हिशोब नीट माहीत हवा.

आधी अंतर. मुंबई ते न्यूअर्क सुमारे १२,५५० किलोमीटर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं सगळ्यात छोटं अंतर काढायचं, कोडच्या चार-पाच ओळींचं काम. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलंड असा वर चढून मग अमेरिकेकडे उतरतो. जवळचा रस्ता तो.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर धरले तर १४ तास होतात. पण अंतरावरून वेळ कळत नाही, हे मुलुंडकरांना काय सांगायचं! जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड सकाळी सहाला वेगळा आणि संध्याकाळी सातला वेगळा.

आकाशातही तसंच. साधारण १० किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून. समजा, सरासरी ६० किलोमीटरचा फरक पडला, तर जायला जवळपास १५ तास आणि यायला १३. शिवाय हवाई हद्दी. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. मग दोऱ्याचा रस्ता सोडून वळसा घ्यावा लागतो, वेळ आणि इंधन दोन्ही वाढतं. वर टॅक्सींग, चढणं, उतरणं आहेच. म्हणून तिकिटावरचा आकडा नेहमी मोठा दिसतो.

तिसरा घोळ घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूअर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा, हिवाळ्यात मुंबईहून रात्री १ ला निघालात आणि तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरलात. दिसायला साडेपाच तास, त्यात साडेदहा मिळवा, म्हणजे खरे १६ तास. परतताना उलटं. रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मुंबई. दिसायला २५ तास, साडेदहा वजा करा, खरे साडेचौदा.

औषधाच्या गोळीला या खऱ्या तासांशी मतलब असतो, भिंतीवरच्या घड्याळाशी नाही. म्हणून एका कागदावर मराठीत लिहा: निघायची वेळ, पोचायची वेळ, दोन्ही भारतीय वेळेत. घरून निघणं आणि विमानतळावरचे तीनेक तासही धरा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, कुठला डोस कधी घ्यायचा ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत मुलुंडच्याच वेळेवर राहू द्या.

भेटूया पुढच्या भागात!