स्नेहसंमेलनासाठी हँडीकॅम घ्यावा की मोबाइलच पुरे?

लेक स्टेजवर आणि पालक पंधराव्या रांगेत. मोबाइलवर झूम केला की चेहऱ्याचा नुसता धब्बा होतो. मग घरात हँडीकॅमचा विषय निघतो. सोनीचा ‘एचडीआर-सीएक्स४०५’ हा २०१५ मध्ये आलेला फुल एचडी हँडीकॅम नमुन्यादाखल पाहिला, तर कमी किमतीच्या हँडीकॅमकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळते. गंमत म्हणजे, त्याचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष एकाच गोष्टीतून येतात. ती म्हणजे त्याचा इवलासा सेन्सर.

झूम कसा जमतो?

सेन्सरचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर आहे. एवढ्या लहान सेन्सरसाठी लेन्सही लहान पुरते. त्यामुळे सुमारे १९० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात ३० पट ऑप्टिकल झूम बसतो. हा खरा झूम आहे. चित्र कापून मोठे करण्याचा प्रकार नाही. शिवाय हात हलला तरी चित्र स्थिर राहावे अशी सोयही आहे. दुपारच्या मैदानावरचा क्रिकेट सामना असेल, तर बहुतेक मोबाइल इथे मागे पडतात.

मग अडचण कुठे?

अंधारात. लहान सेन्सर प्रकाश कमी गोळा करतो. त्यात लेन्सचे तोंड पूर्ण वाइडला एफ/१.८ असते, पूर्ण झूमला एफ/४. म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रकाश जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. मंद दिव्यांच्या सभागृहात, नेमकी झूमची गरज असताना, चित्रात दाणे दिसू लागतात. आजच्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याच्या कित्येक पट मोठा असतो. त्यामुळे पुढच्या रांगेत जागा मिळणार असेल, तर मोबाइलच बरा.

आवाजाची बाजूही लंगडी आहे. बाहेरचा माइक जोडायला जागा नाही, हेडफोनलाही नाही. मागच्या रांगेतून नाटक चित्रित केले, तर संवादांपेक्षा शेजाऱ्यांच्या गप्पाच स्पष्ट येतील. यावर साधा उपाय: स्पीकरजवळ एक मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवायचा आणि एडिटिंग करताना तो आवाज चित्राला जोडायचा.

फोटोंसाठी मात्र हा कॅमेरा घेऊच नये. ‘९.२ मेगापिक्सेल’ हा आकडा प्रत्यक्षातल्या सुमारे २.३ मेगापिक्सेलवरून फुगवलेला आहे.

लांब कार्यक्रमाचे गणित

सर्वोच्च दर्जाला डेटाचा वेग ५० एमबीपीएस असतो, म्हणजे तासाला सुमारे २२ जीबी. ६४ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डात दोन-अडीच तास बसतात. कार्ड एसडीएक्ससी प्रकारचे हवे. जादा बॅटरीही जवळ ठेवावी. बऱ्याच जुन्या फोटो कॅमेऱ्यांत अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग बंद पडे. युरोपात व्हिडीओ कॅमेऱ्यांवर लागणारा वाढीव आयातकर चुकवण्यासाठी ती मर्यादा ठेवलेली असे. हँडीकॅमला ती नाही.

अमेरिकेतून कुणी नातेवाईक आणणार असेल, तर आधी तपासा. तिथले मॉडेल सेकंदाला ६० फ्रेमच्या पद्धतीचे असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याची शक्यता असते.