शर्यतीच्या ट्रॅकवरील स्पोर्ट्स कार व पॉवर स्टिअरिंग तेलाची समस्या : कारणमीमांसा आणि उपाययोजना

सारांश : रस्त्यावर वर्षानुवर्षे निर्धोक चालणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या पॉवर स्टिअरिंगमधील तेल ट्रॅकवर अवघ्या काही फेऱ्यांत तापते, फेसाळते आणि टाकीच्या झाकणातून बाहेर येते. यावर तेलाची भर घालणे किंवा तेल बदलणे हा रूढ उपाय आहे. उष्णतेचे मूळ तेलाच्या प्रतीपेक्षा पंपाच्या गतीत आहे आणि म्हणून उपायांचा क्रमही त्यानुसार ठरवावा लागतो, हे प्रस्तुत लेखात साध्या गणिताच्या आधारे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, पंप, औष्णिक प्रसरण, फेस, कूलर, पुली.

प्रस्तावना

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पाया घातला. १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियल या मोटारीतून ही यंत्रणा ग्राहकांपर्यंत पोहोचली. पुढे अर्धशतकभर तिचेच वर्चस्व राहिले. आज बहुतेक नव्या मोटारींत तेलाऐवजी विजेच्या मोटरचे साहाय्य असते. तथापि, छंद म्हणून ट्रॅकवर चालविल्या जाणाऱ्या अनेक लोकप्रिय स्पोर्ट्स कार जुन्या पद्धतीच्याच आहेत. २००० ते २००६ या काळात तयार झालेली 'ई-४६' पिढीची बीएमडब्ल्यू एम-३ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिचे ३,२४६ घन सें.मी.चे सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि सर्वाधिक शक्ती ७,९०० फेऱ्यांना देते. म्हणजेच ट्रॅकवर हे इंजिन बहुतांश काळ उच्च गतीतच ठेवावे लागते. प्रस्तुत समस्येचे बीज येथेच आहे.

या समस्येकडे केवळ गैरसोय म्हणून पाहता येणार नाही. बाहेर आलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आग लागू शकते. ते ट्रॅकवर सांडल्यास मागून येणाऱ्या वाहनाची पकड सुटते. भर वळणात साहाय्य नाहीसे झाल्यास चाके वळतात खरी, कारण यांत्रिक जोडणी शाबूत असते; परंतु चाक फिरविण्यास लागणारे बळ एकाएकी कित्येक पटींनी वाढते आणि चालक बेसावध सापडतो.

यंत्रणेचे कार्य

इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढून दाबाखाली स्टिअरिंग रॅककडे पाठवितो. चालक चाक फिरवितो तेव्हा झडपेमार्फत हा दाब रॅकमधील दट्ट्याच्या एका बाजूस मिळतो. नंतर तेल परतीच्या नळीने टाकीत येते. अनेक मोटारींत या परतीच्या मार्गावर लहानसा कूलर असतो.

इंजिन अगदी संथ फिरत असतानाही, म्हणजे मोटार पार्किंगमध्ये वळविताना, पुरेसे तेल मिळावे या हेतूने पंपाची रचना केलेली असते. उदाहरणादाखल, दर फेऱ्यास १० घन सें.मी. तेल ढकलणारा पंप घेऊ आणि तो इंजिनाच्याच गतीने फिरतो असे सोयीसाठी मानू. मिनिटाला ८०० फेऱ्यांना तो ८ लिटर तेल देईल आणि ८,००० फेऱ्यांना ८० लिटर. रॅकची गरज मात्र ८ लिटरचीच आहे. उरलेले ७२ लिटर तेल प्रवाह-नियंत्रक झडपेतून पंपाच्या प्रवेशद्वाराकडेच परत वळविले जाते.

उष्णतेचा हिशेब

परत वळविलेल्या तेलाचाही दाब आधी वाढविलेला असतो. झडपेतून जाताना तो दाब नाहीसा होतो आणि त्यासाठी खर्च झालेली सर्व ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. वळणात दाब ३० बार आहे असे धरल्यास ८०० फेऱ्यांना ही शक्ती सुमारे ४०० वॉट येते, तर ८,००० फेऱ्यांना सुमारे ४,००० वॉट. सरळ मार्गावर दाब ५ बारपर्यंत उतरला तरी त्याच गतीस साडेसहाशेहून अधिक वॉट उष्णता निर्माण होतच राहते.

यंत्रणेत एक लिटर तेल असेल, तर त्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे १.७ किलोज्यूल ऊर्जा पुरते. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ४,००० वॉटने तेल दर सेकंदास दोन अंशांहून अधिक तापेल. प्रत्यक्षात पंपाचे कवच, नळ्या आणि कूलर बरीच उष्णता बाहेर टाकतात आणि पंपाची कार्यक्षमताही आदर्श नसते. म्हणून हे आकडे सैद्धान्तिक कमाल मर्यादा समजावेत. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र बदलत नाही : दाब समान असता उष्णता पंपाच्या गतीच्या प्रमाणात वाढते. रुंद व अधिक पकडीचे टायर बसविल्यास वळणातील दाबही वाढतो आणि या दोहोंचा गुणाकार होतो.

तेल बाहेर का येते?

'तेल उकळले' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी तो काटेकोर नाही. खनिज तेलाचा उत्कलनबिंदू या यंत्रणेतील तापमानापेक्षा पुष्कळ वर असतो. तेल बाहेर येण्याची खरी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) औष्णिक प्रसरण : तापमान १०० अंशांनी वाढल्यास एक लिटर तेलाचे आकारमान सुमारे ७० मि.लि.ने वाढते. टाकी थंड असतानाच काठोकाठ भरली असेल, तर या वाढीस जागाच उरत नाही.

२) फेस : पंपाकडे जाणाऱ्या ओढनळीत दाब कमी असतो. तिचा पट्टा सैल असल्यास तेथून तेल गळेलच असे नाही. उलट हवा आत ओढली जाते. अशी हवा पंपात घुसळली जाऊन फेस होतो व फेसाचे आकारमान तेलाहून अधिक असते. तेलात शिरलेल्या आर्द्रतेची १०० अंशांच्या पुढे वाफ होऊन त्यात भर पडते.

३) तेलाचे हेलकावे : लांब वळणात तेल टाकीच्या एका बाजूस चढते. तेथे झाकणाचे सील झिजलेले असल्यास तेल पाझरते आणि पातळी कमी असल्यास ओढनळीचे तोंड उघडे पडून पुन्हा हवा शिरते.

यावरून एक दुष्टचक्र ध्यानात येते. तेल बाहेर येते, चालक टाकी पुन्हा काठोकाठ भरतो आणि पुढील फेऱ्यांत पुन्हा प्रसरणाला जागा उरत नाही. झाकणाभोवती फडके गुंडाळण्याची पद्धतही आढळते. त्याने डाग टळतो, परंतु इंजिनाशेजारी तेलाने भिजलेले कापड राहते.

उपाययोजना

पहिली पायरी निदानाची. ट्रॅकवर जाण्यापूर्वी थंड अवस्थेतील व परतल्यानंतर गरम अवस्थेतील पातळी नोंदवावी, तेलात फेस आहे का आणि ओल नेमकी कोठे आहे हे पाहावे. पातळी थंड तेलासाठीच्या खुणेइतकीच राखावी. झाकणाचे सील व नळ्यांचे पट्टे बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून तोच प्रथम करावा.

दुसरी पायरी हवा काढण्याची. पुढील चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेक वेळा फिरवावे व पातळी राखावी. बुडबुडे थांबल्यानंतरच इंजिन सुरू करून हीच कृती पुन्हा करावी.

तिसरी पायरी कूलरची. मोठा कूलर रॅक व टाकी यांच्यामधील कमी दाबाच्या परतीच्या नळीवर, वाऱ्याच्या झोतात बसवावा. निर्माण झालेली उष्णता तो बाहेर टाकतो, मात्र ती निर्माण होणे थांबवीत नाही.

चौथी पायरी मुळावर घाव घालते. पंपाची पुली २० टक्के मोठी केल्यास पंपाची गती व तिच्याबरोबर उष्णता सुमारे एक षष्ठांशाने घटते. याची किंमत पार्किंगमध्ये मोजावी लागते : संथ गतीस ८ लिटरऐवजी सुमारे ६.७ लिटरच तेल मिळते आणि चाक जड लागते. केवळ ट्रॅकसाठी ठेवलेल्या मोटारीस ही किंमत परवडते; रोजच्या वापरातील मोटारीसाठी आधी कूलरच पुरेसा ठरतो का, हे पाहावे.

तेलाचा प्रकार शेवटी विचारात घ्यावा. उष्णता अधिक सोसणारे संश्लेषित तेल उशिरा खराब होते, परंतु उष्णतेची निर्मिती कमी करीत नाही. शिवाय तेलाची निवड मनाने करता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या या काळातील मोटारींत टाकीच्या झाकणावरच 'एटीएफ' की 'सीएचएफ' हे छापलेले असते. दोहोंची सरमिसळ टाळावी.

चालकाच्या सवयींनाही महत्त्व आहे. चाक अगदी टोकाला वळवून धरून ठेवू नये, कारण त्या वेळी दाब कमाल मर्यादेस पोहोचतो. शक्य तेथे एक गिअर वर ठेवावा आणि शेवटची फेरी संथ गतीने पूर्ण करावी.

निष्कर्ष

टाकीबाहेर आलेले तेल हे लक्षण आहे. रोग पंपाच्या गतीत, अडकलेल्या हवेत व अपुऱ्या शीतनात आहे. लक्षणावर उपचार केल्यास ट्रॅकवरील धोका तसाच राहतो, किंबहुना टाकी वारंवार भरल्याने तो वाढतो. पातळी व सील, हवा, कूलर, पुली आणि शेवटी तेल हा क्रम कमी खर्चाकडून अधिक बदलांकडे नेतो व प्रत्येक पायरीचा परिणाम स्वतंत्रपणे तपासण्याची संधी देतो. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम, औष्णिक प्रसरण आणि द्रवाचा प्रवाह हे पदवी वर्गांत शिकविले जाणारे तीन विषय येथे एकाच टाकीत एकत्र येतात. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या अध्यापनातही हे उदाहरण उपयुक्त ठरू शकेल.