बर्फाच्या वाघिणी

छोटे रूळ, मोठे रूळ : भाग ६

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ मराठी तोंडात शिरली आणि वाघीण होऊन बाहेर पडली. गेल्या आठवड्यात आपण मॉडेल रेल्वेचं एचओ हे प्रमाण पाहिलं, खऱ्याच्या १/८७. त्या मापात अमेरिकेची चाळीस फुटी वाघीण जेमतेम १४ सेंटिमीटरची होते. संग्राहकांचा जीव ज्या जातीवर सर्वांत जास्त, ती आजची आपली पाहुणी : रीफर, म्हणजे बर्फावर चालणारी शीतवाघीण. पिवळीधमक नाहीतर नारिंगी, आणि अंगभर बिअर, लोणी, हॅमच्या जाहिराती.

छोटी रीफर हातात घेतली की आधी छत बघा. चारही कोपऱ्यांना झाकणं दिसतील. खऱ्या डब्यात त्यांच्याखाली, दोन्ही टोकांना, बर्फाच्या टाक्या असत. वाटेत ठरावीक ठाण्यांवर गाडी उंच फलाटाला लावायची आणि माणसं बर्फाच्या लाद्या त्या झाकणांतून आत ढकलायची. मांस असेल तर बर्फात मीठही. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात आपण खडेमीठ घालायचो, तेच शास्त्र.

हा डबा व्यवहारात आणला शिकागोचा मांसव्यापारी गुस्तावस स्विफ्टने. त्याच्यासाठी अँड्र्यू चेस या इंजिनिअरने १८७८च्या सुमारास बर्फ वरच्या बाजूला ठेवणारी रचना केली, म्हणजे गार हवा आपोआप खाली उतरे. रेल्वे कंपन्यांना मात्र हे नको होतं. त्यांचा पैसा गुरांच्या डब्यांत आणि गोठ्यांत अडकलेला. शिवाय जिवंत बैल न्यायचा तर हाडं, शिंगं, कातडी सगळ्याचं भाडं मिळे. नुसत्या मांसाचं कितीसं मिळणार? शेवटी स्विफ्टने डबे स्वतःच बांधून घेतले आणि कॅनडातून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रेल्वेने ते ओढले.

खासगी मालकीचे डबे पुढे फोफावले. रेल्वे अशा डब्याच्या मालकाला मैलागणिक पैसे देई. मालक तो डबा एखाद्या बिअरवाल्याला भाड्याने द्यायचा, वर त्याची जाहिरात रंगवायचा, आणि रेल्वेच्या पैशातला वाटा गुपचूप त्या बिअरवाल्याकडे सरकायचा, म्हणजे भाड्यात छुपी सूटच. दुसरा त्रास वेगळाच. एकाच्या नावाने रंगलेल्या डब्यात त्याचा स्पर्धक आपला माल कशाला भरेल? डबा परतताना रिकामाच. १९३४ साली अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने या प्रकाराला चाप लावला आणि १९३७ उजाडेपर्यंत जाहिरातींच्या वाघिणी रुळांवरून हटवायला लावल्या.

छोट्या रुळांवर त्या अजून धावताहेत. इतकंच नव्हे, काही उत्पादक १९२०च्या लाकडी डब्यावरची जाहिरात १९५०नंतरच्या पोलादी, यंत्राने थंड होणाऱ्या डब्यावर बिनदिक्कत छापतात. असली वाघीण कुठल्याही खऱ्या रुळावर कधी धावली नाही. काटेकोर मंडळींचं डोकं उठतं. मला विचाराल तर शोकेससाठी खुशाल घ्या, पण दुर्मीळ म्हणून चढा भाव मोजू नका.

आणखी एक खूण म्हणजे डब्यावरची मालकीची अक्षरं. शेवटी ‘एक्स’ असेल तर मालक रेल्वे कंपनी नव्हे. नारिंगी पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या डब्यांवर नुसतं ‘पीएफई’ असतं, कारण १९०६ सालची ही कंपनी युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वेंचीच होती. छापणाऱ्याने तिला एक्स चिकटवला असेल, तर डबा परत ठेवा.

पुढच्या आठवड्यात तेलाच्या टाक्या.