आधी टायर, मग इंजिन

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात माझदा कंपनीने दोन आसनांची, उघड्या टपाची एक छोटी गाडी मांडली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, इतरत्र एमएक्स-५. १५९७ सीसीचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आणि टर्बो नाही. एप्रिल २०१६मध्ये या मालिकेची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. तरीही आपली सिटी किंवा स्विफ्ट घेऊन ‘पिकअप वाढवून द्या’ म्हणत गॅरेजची पायरी चढणाऱ्याने या गाडीची ओळख करून घ्यावी. टर्बो नसलेल्या गाडीत पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे जगभरच्या मियाटावाल्यांनी तीस-पस्तीस वर्षं स्वतःच्या गाड्यांवर तपासून पाहिलं आहे.

गाडीची कल्पना बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराची. हलक्या, साध्या ब्रिटिश रोडस्टर गाड्या बाजारातून नाहीशा होत होत्या. तशी एक गाडी तुम्ही बनवा, असं त्याने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं. पुढे कंपनीने हॉललाच नोकरीवर घेतलं. प्रकल्प तोशिहिको हिराई यांच्याकडे आला. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, हा जपानी विचार त्यांनी ध्येय म्हणून समोर ठेवला आणि सगळे निर्णय त्यावर घासून घेतले. बॉनेट अॅल्युमिनियमचं केलं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल अॅल्युमिनियमच्याच एका लांब चौकटीने जोडला, त्यामुळे पायाखालचा अॅक्सिलरेटर आणि मागची चाकं यांच्यात ढिलाई उरली नाही. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन दिलं. शक्ती माफक ठेवली आणि खर्च हाताळणीवर केला. सुधारणा करणाऱ्याने पैसे खर्चण्याआधी हा क्रम नीट पाहावा.

टर्बो नसलेलं इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जळतं आणि तेवढाच जोर मिळतो. टर्बो अर्धा बार जास्त दाब देऊ शकतो, म्हणजे ढोबळमानाने दीडपट हवा. साध्या इंजिनाला ही सोय नाही. म्हणूनच समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर गेलं की हवेचा दाब पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि इंजिनाचा दमही जवळपास तेवढाच कमी होतो. अशा इंजिनाकडून जास्त काम करून घ्यायचं तर मुख्य वाटा दोन: हवा येण्या-जाण्यातला अडथळा कमी करणं, नाहीतर इंजिन जास्त आरपीएमला फिरवणं. कंपनीच्या इंजिनिअरांनी पहिल्या वाटेवरचा बहुतेक पल्ला आधीच गाठलेला असतो. २००८च्या होंडा सिटीने दीड लिटरमधून ११८ पीएस काढले होते. अशा इंजिनात विसरून राहिलेली ताकद फारशी नसते.

मियाटाच्या एक्झॉस्टकडे पाहा. बाजारात सगळ्यात आधी खपवला जातो तो हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी नळी असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. पण पहिल्या १.६ लिटर मियाटात स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड कारखान्यातूनच बसवलेला होता. तो काढून दुसरा बसवला तर आवाज बदलतो, वेग फारसा बदलत नाही. एअर फिल्टरचंही तसंच. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावला की हवा खेचल्याचा आवाज सुखावतो, पण तो इंजिनाभोवतीची गरम हवाच आत घेतो. पंचवीस अंशांऐवजी पंचेचाळीस अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सहा टक्क्यांनी घटते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा हिशेब आणखी महाग पडतो. फिल्टर बदलायचाच असेल तर बाहेरची थंड हवा आणणारी बंदिस्त नळी हवी. कंपनीची मूळ पेटी बहुतेक वेळा तेच काम करत असते.

मियाटात खरा अडथळा दुसरीकडे होता. हवा मोजण्यासाठी तिच्या वाटेत एक झडप बसवलेली होती आणि येणाऱ्या हवेला ती ढकलून जावं लागे. ती काढून नवा संगणक बसवणाऱ्यांना फरक जाणवला, पण त्यासोबत इंधन आणि स्पार्क यांचं सगळं ट्यूनिंग नव्याने करावं लागलं. फुकटात होणारी एक सुधारणा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्यातून या इंजिनाचं स्पार्कचं टायमिंग १० अंशांवर असे. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून ते १४ अंशांपर्यंत पुढे नेलं की गाडी तरतरीत होते. यंत्र समजून घेणाऱ्याला मिळणारा हा लाभ आहे; तो विकत घेता येत नाही.

याच्या पुढे गेलं की खर्च उभा चढतो. रेसचे कॅमशाफ्ट वरच्या आरपीएमला ताकद देतात आणि खालची काढून घेतात. शहराच्या रहदारीत अशी गाडी चालवणं जिकिरीचं होतं. मग पिस्टन, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह अशी रांग लागते. मियाटावाल्यांचा अनुभव असा की इतका पैसा ओतण्यापेक्षा १९९४पासून आलेलं १८३९ सीसीचं, १२८ अश्वशक्तीचं इंजिन जसंच्या तसं बसवणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं. पंधरा टक्के जास्त आकारमानाला तोड नाही.

वजनाचा हिशेब याहून आशादायक आहे. ९६० किलोच्या गाडीतून ४८ किलो कमी झाले तर प्रवेगात जवळपास पाच टक्के अश्वशक्ती वाढल्यासारखा फरक पडतो, म्हणजे या गाडीत सहा अश्वशक्तीच्या बरोबरीचा. शिवाय तो प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकलाही उपयोगी पडतो. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ वरून ४.३ केलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा जोर पाच टक्के वाढतो. मोठी, चमकदार, जड अलॉय चाकं नेमकी याच्या उलट काम करतात: दिसायला रुबाबदार आणि गाडीला ओझं.

आता टायर. रस्त्याला टेकणारी ती एकच गोष्ट. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना पकड ०.९ जी असेल तर साधारण ४४ मीटर लागतात, १.० जी असेल तर ३९. वाचलेले चार-साडेचार मीटर म्हणजे अख्ख्या मियाटाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर. एवढ्या अंतरात अपघात होतो किंवा टळतो. त्याच टायरांनी वळणावरचा वेगही वाढतो. टायरांपाठोपाठ दर्जेदार ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि आंबोलीसारखा लांब घाट उतरताना पेडल मऊ पडतं. मग चांगले शॉक अॅब्सॉर्बर आणि काळजीपूर्वक केलेलं अलाइनमेंट. मियाटावाल्यांनी १.६च्या गाडीवर १.८चे २५५ मिलिमीटरचे पुढचे डिस्क बसवले, कारण तेही कारखान्याचेच भाग होते आणि सरळ बसत होते. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमधला भाग निवडणं, ही सगळ्यात शहाणी सुधारणा.

या सगळ्याआधी देखभाल. जुने स्पार्क प्लग, चोंदलेला फिल्टर, झिजलेले बुश आणि अडकलेला ब्रेक कॅलिपर खातात तेवढी ताकद कुठलंही किट परत देत नाही. आणि भारतात कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. कर्कश सायलेन्सर तर शेजाऱ्यांच्या झोपेवर अन्याय आहे. योग्य मापाचे टायर, पॅड, शॉक अॅब्सॉर्बर, अलाइनमेंट आणि काटेकोर सर्व्हिसिंग मात्र कायद्याच्या चौकटीत राहून करता येतात, आणि गाडीला सर्वाधिक बदलतातही तेच.

अमेरिकेत ‘स्पेक मियाटा’ नावाची शर्यत-श्रेणी आहे. तिथे सस्पेन्शनचा संच सगळ्यांना सारखाच आणि इंजिनातल्या बदलांवर कडक मर्यादा. तरीही पहिल्या आणि शेवटच्या गाडीत मोठं अंतर पडतं, कारण ब्रेक कुठे मारायचा आणि वळणावर नजर कुठे ठेवायची, हे चालकागणिक बदलतं. म्हणून माझा आग्रह असा: सुधारणेसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला पहिला वाटा गाडी धडधाकट करण्यावर जावा, दुसरा टायर आणि ब्रेकवर, तिसरा ट्रॅकवर जाऊन जाणत्या शिक्षकाकडून चालवायला शिकण्यावर. इंजिनाला हात घालायचा तो यानंतर, आणि तेव्हाही आधी मोजून, नंतर पुन्हा मोजून. एवढं करणाऱ्या बहुतेकांना कळून चुकतं की आपल्या इंजिनात होती ती ताकदही आपण आजवर पूर्ण वापरली नव्हती.