'सेल्फ'चा बेंडिक्स आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानात आपण कारण कशाला म्हणायचं, यावर बोललो. नंतर एका श्रोत्यानं विचारलं, सर, मडकं आणि कुंभार सोडून दुसरं उदाहरण नाही का? आहे. आमच्या जालन्यात, माझ्याच दारात उभं आहे. 1960च्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर, वडिलांची.

गेल्या वर्षी ती सुरू होईना. बटण दाबलं की नुसतं घर्रर्र. स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन जागचं हलत नाही. आता, स्टार्टरला आपल्याकडे मेकॅनिक 'सेल्फ' म्हणतात. चाळीस वर्षं वर्गात 'सेल्फ' शिकवून मला जे जमलं नाही, ते अंबड रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं एका वाक्यात सांगितलं: "सर, सेल्फ फिरतोय, पण उचलत नाही."

तो उचलतो कसा, ते आधी बघू. पूर्वी गाड्यांना हँडल मारावं लागे. ते उलट फिरलं की मनगट मोडायचं. माझ्या वडिलांचं मोडलं होतं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, पण प्रश्न असा की लहान मोटरचं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवायचं आणि इंजिन सुरू होताच सोडवायचं कसं? ते अडकून राहिलं तर इंजिनच मोटरला भयंकर वेगानं फिरवणार आणि मोटर फुटणार. विन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन माणसाच्या युक्तीला आजही जगभर त्याच्याच नावानं ओळखतात.

युक्ती म्हणजे बघा, बोल्टवर सैल नट. मोटरच्या दांड्यावर आटे असलेली नळी आणि त्या आट्यांवर छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. मोटर झटक्यात फिरते, पण पिनियन जड, आळशी. ते लगेच फिरत नाही. त्यामुळे आट्यांवरून सरकतं आणि फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये जाऊन बसतं. इंजिन सुरू झालं की रिंग पिनियनला मोटरपेक्षा जोरात फिरवते, आणि ते त्याच आट्यांवरून मागे फेकलं जातं. ढकलायला कोणी नाही, ओढायला कोणी नाही. आळस हाच त्याचा गुण! धक्का सोसायला एक जाड स्प्रिंग असते, आणि इंजिन चालू असताना पिनियन पुढे घरंगळू नये म्हणून एक नाजूक स्प्रिंग.

आता माझी चूक. पहिल्यांदा मी बॅटरी बदलली. का? तर गाडी सुरू होत नाही तेव्हा बॅटरी गेलेली असते, असा आयुष्यभराचा अनुभव. न्यायशास्त्रात याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. माती आणणारं गाढव मडक्याच्या आधी हजर असतं, पण ते मडक्याचं कारण नव्हे. मोटर जोरात फिरत होती, हेडलाइट मंद होत नव्हते. बॅटरी निर्दोष असल्याचा पुरावा समोर होता. मी गाढव बदललं. नवीन बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

मग सेल्फ उतरवला. (आधी बॅटरीची अर्थची वायर काढायची, बरं का, नाहीतर पान्यातून ठिणगी उडते.) नळीवर काळा चिकट थर, तेल आणि क्लचची धूळ. पिनियन तिथंच चिकटलेलं, दात झिजलेले, जाड स्प्रिंग तुटलेली. ते तेल आलं कुठून? आदल्या वर्षी कार्बन बदलताना मीच प्रेमानं चार थेंब सोडले होते. या नळीला तेल चालत नाही. रॉकेलनं धुवायची आणि कोरडी ठेवायची. उलट, टोकाचं सच्छिद्र ब्राँझचं नवं बुश बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावं लागतं. दोन्हींत अंतर चार बोटांचं!

नवा बेंडिक्स मुंबईच्या जुन्या बाजारातून आला. दिसायला तोच. गॅरेजवाल्यानं दोन्ही शेजारी ठेवून दात मोजले, तर नव्याला एक जास्त. परत पाठवला. दात किती, आटे डावे की उजवे, पिनियन मोटरकडे सरकतं की मोटरपासून दूर, दांड्याची जाडी किती, एवढं जुळलं तरच 'तोच' म्हणायचं. नातू म्हणाला, आजोबा, आधुनिक सेल्फच बसवा ना. बसवता आला असता. पण 2021च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात जपलेली हवी. तिथं अट चॅसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांची आहे, सेल्फ आड आला नसता. तरी माझं मन तयार झालं नाही, एवढंच.

दुसरा जुळला. जाड स्प्रिंग शिकंज्यात दाबून, वर फडकं टाकून मगच क्लिप काढायची. ती सुटली तर डोळा जाईल. निघालेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा. बसवल्यावर पिनियन बोटानं फिरवून पुढं न्यायचं, सोडलं की आपोआप मागं यायला हवं.

आणि रिंग तपासायची, हे पुष्कळजण विसरतात. आमच्या रिंगेचे दात दोनच ठिकाणी झिजले होते, समोरासमोर. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दर अर्ध्या फेरीला हवेचा दाब आडवा येतो, म्हणून ते बहुतेक याच दोन जागी थांबतं, आणि पिनियन इतकी वर्षं तिथंच आदळत आलं. अशी रिंग तापवून काढतात आणि पाव फेरी फिरवून पुन्हा बसवतात, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजवाला म्हणाला, अजून दोनतीन वर्षं निघतील. पिनियन अडकलंच तर इग्निशन बंद करून, टॉप गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवायची.

मागच्या महिन्यात एकदा अडकलं. नातवाला ढकलायला लावलं.