दोन राज्यांतील निवास आणि राज्य प्राप्तिकर

भारतात शेतीचे उत्पन्न वगळता प्राप्तिकर हा संघ सरकारचा विषय आहे. त्यामुळे पुण्याहून बंगळूरास बिऱ्हाड हलविणाऱ्यास आपण कोणत्या राज्याचे निवासी, हा प्रश्न या करापुरता पडत नाही. व्यवसाय कराचा फरक काय तो उरतो, आणि त्याची कमाल मर्यादाही संविधानाने वर्षास २५०० रुपये ठरविली आहे. अमेरिकेची गोष्ट निराळी. विस्कॉन्सिनने १९११ साली आधुनिक धर्तीचा प्राप्तिकर बसविल्यापासून तेथील बहुसंख्य राज्ये संघीय कराखेरीज स्वतःचा असा कर घेत आली आहेत.

वर्षाच्या मध्यावर एक राज्य सोडून दुसऱ्यात कायमचे राहावयास जाणाऱ्याचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे. तो दोन्हीकडे अंशकालीन निवासी ठरतो व दोन विवरणपत्रे भरतो. मात्र न्यूयॉर्कमध्ये प्रथम वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर काढून मग त्याचा प्रमाणशीर हिस्सा घेतात. सबब ९०,००० डॉलरांपैकी ६०,००० तेथील असल्यास दर लागतो तो ९०,००० चा, आणि कर द्यावयाचा तो त्याच्या दोन-तृतीयांश.

खरी अडचण निवासाच्या दोन कसोट्यांमुळे उद्भवते. पहिली अधिवासाची : मनुष्य जेथे कायमचे परतू इच्छितो ते घर. दुसरी गणिताची : न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा बहुतेक काळ कायम राहण्याजोगी जागा बाळगून जो १८३ हून अधिक दिवस त्या राज्यात घालवितो, तो अधिवास अन्यत्र असूनही तेथील निवासी गणला जातो, आणि दिवसाचा काही भाग घालविला तरी तो पूर्ण दिवस. एक कसोटी मन पाहते, दुसरी दिनदर्शिका. दोहोंची उत्तरे दोन राज्यांकडे बोट दाखवू लागली, की एकच मनुष्य एकाच वर्षी दोन्हीकडे पूर्ण निवासी होतो.

वेतनाच्या बाबतीत यावर तोड आहे. वेतन जेथे काम केले तेथील मानले जाते, आणि अधिवासाचे राज्य दुसरीकडे भरलेल्या कराची वजावट आपल्या करातून देते. अर्थात त्या उत्पन्नावरील स्वतःच्या कराइतकीच. परंतु व्याज व लाभांश यांना असे उगमस्थान नसते. रोखे कोणत्या राज्यात 'राबले', हे सांगावयाचे कसे ? म्हणून वजावट मिळत नाही, व तेच उत्पन्न दोनदा करपात्र होते. न्यू जर्सीत अधिवास असलेल्या टमाग्नी दांपत्याच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९८ साली ही आकारणी वैध ठरविली.

२०१५ साली विन खटल्यात संघीय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मेरीलँडची करपद्धती घटनाबाह्य ठरविली. तेथील काउंटी करातून परराज्यांत भरलेल्या कराची वजावट मिळत नसे, आणि त्यामुळे आंतरराज्य व्यापारास बाध येतो, असे बहुमत पडले. या निर्णयाने १९९८ चा निकाल डळमळेल, अशी अपेक्षा अनेकांना होती, आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु कनेक्टिकटमध्ये अधिवास असलेल्या करदात्यांच्या दाव्यांत न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयांनी २०१८ मध्ये जुनाच निर्णय कायम धरला, व पुढच्या वर्षी संघीय सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.